तिसरे अक्षर

माझ्या पहिल्या रोमन नाण्याचे वजन २.३ ग्रॅम आहे आणि व्यास १७ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार आण्यांच्या जुन्या नाण्याहूनही ते किंचित लहान आहे. जर्मनीतल्या ट्रीअर शहरात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे एका वयस्कर विक्रेत्याच्या लाकडी ट्रेमध्ये, गंजलेल्या किल्ल्या आणि कोटाची बटणे यांच्या शेजारी, अशी चाळीसेक नाणी पसरलेली होती. कोणतेही उचला, सहा युरो. मी त्यातले एक उचलले, कारण त्याच्या एका बाजूला दोन माणसे समोरासमोर उभी असल्याचे अंधूक दिसत होते. हे कोणाचे, कधीचे, असे विचारल्यावर विक्रेत्याने मान हलवली आणि म्हणाला, "एकेक वाचत बसायला मला वेळ असता तर ती मी एका भावात विकली नसती. तुम्हीच शोधून काढा."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा जवळ ओढून, भिंग घेऊन मी बसले. छाप्यावर उजवीकडे तोंड केलेला एक तरुण चेहरा होता. डोक्यावर पानांचा मुकुट, मानेमागे मुकुटाच्या फितीची लोंबणारी टोके, खांद्यावर चिलखताची किनार. कडेने अक्षरे होती, पण अर्धी झिजलेली आणि काही तर चकतीवर उमटलेलीच नव्हती. त्या काळातल्या रोमन नाण्यावरचा लेख बहुधा डाव्या खांद्याखालून, म्हणजे घड्याळात सात-आठ वाजतात तिथून सुरू होतो आणि डोक्यावरून वळसा घेऊन चेहऱ्यासमोर उतरतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो, आणि निम्मे शब्द पहिल्या एकदोन अक्षरांवरच तोडलेले असतात. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. डोक्यामागे ‘टी-आय-एन-व्ही-एस’ इतकी अक्षरे लागली आणि पुढच्या बाजूला ‘आय-व्ही-एन’. ही तीन अक्षरे पाहून मला युनो देवीचे नाव आठवले आणि एक अख्खी संध्याकाळ मी देवीच्या मागे घालवली.

दुसऱ्या संध्याकाळी दिवा बाजूला ठेवून मी टेबलाशी समांतर, अगदी खालून प्रकाश टाकला. नाणे पाहताना हा एकच बदल किती मोठा असतो, हे ज्याने करून पाहिले नाही त्याला सांगून पटणार नाही. वरून पडणाऱ्या प्रकाशात जी जागा सपाट वाटत होती, तिथे तिरप्या प्रकाशात झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावली टाकू लागल्या. ‘आय-व्ही-एन’च्या पुढे एक ‘एन’, त्याच्यापुढे गोलाकार काहीतरी, बहुधा ‘ओ’. मग उलगडा झाला. युन म्हणजे युनिओर, धाकटा. नोब म्हणजे नोबिलिसिमुस. आणि शेवटी न दिसणारा ‘सी’ म्हणजे सीझर, त्या काळी सम्राटाच्या वारसाला देत ती पदवी. ‘कॉन्स्टंटाइन धाकटा, परमकुलीन सीझर.’ सम्राट कॉन्स्टंटाइनचा हा मुलगा ३१७ मध्ये, तान्ह्या वयातच, सीझर म्हणून जाहीर झाला, ३३७ मध्ये बाप गेल्यावर सम्राट झाला आणि ३४० मध्ये भावाशी लढताना मारला गेला. बापाचे नाव आणि मुलाचे नाव एकच असल्यामुळे नवशिक्यांची इथे हमखास गफलत होते. पण या मालिकेतल्या बापाच्या नाण्यांवर ‘थोर ऑगस्टस’, म्हणजे थोर सम्राट, अशी पदवी असते आणि डोक्याला पानांऐवजी रत्नजडित पट्टा असतो. अक्षरे गेली तरी मुकुट पाहून बापलेक वेगळे करता येतात.

काटा त्या मानाने सोपा निघाला. दोन सैनिक, प्रत्येकाच्या एका हातात भाला, दुसरा हात ढालीवर टेकलेला, आणि दोघांच्या मध्ये दोन ध्वजदंड. कडेने ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, सैन्याचा गौरव. हे चित्र ३३० नंतर साम्राज्यभरच्या टांकसाळींनी अफाट संख्येने पाडले, आणि ३३५ च्या सुमारास नाणे आणखी लहान व हलके केले तेव्हा दोन ध्वजांचा एकच ध्वज केला. म्हणजे केवळ ध्वज मोजून माझे नाणे ३३० ते ३३५ या पाच वर्षांतले ठरले. सतरा शतकांपूर्वीची एक वस्तू सहा युरोंना घ्यावी आणि दोन काठ्या मोजून तिचा काळ पाच वर्षांच्या आत आणता यावा, याचे मला त्या रात्री इतके अप्रूप वाटले की मी पुन्हा पुन्हा त्या काठ्याच मोजत राहिले.

काट्याच्या तळाशी एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली टांकसाळीची खूण. तिथे ‘टी’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे स्वच्छ होती; तिसरे अक्षर मात्र चकतीबाहेर गेले होते, कारण ठसा मारताना चकती मधोमध बसलेली नव्हती. ‘टी-आर’ म्हणजे त्रेव्हेरी, म्हणजेच ट्रीअर. इथली साम्राज्याची टांकसाळ तिसऱ्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झाली. ज्या शहराच्या बाजारात मी ते विकत घेतले त्याच शहरात ते पाडलेले होते. मधल्या काळात ते कुठे कुठे हिंडून आले असेल ते असो. तिसरे अक्षर कारखान्याचे. त्या वेळी ट्रीअरच्या टांकसाळीत दोन कारखाने चालत, पहिल्याचा ‘पी’ आणि दुसऱ्याचा ‘एस’. माझ्या नाण्यावर यातला कोणता होता, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे शिकत गेले तसे लक्षात आले की लेख हा शेवटचा पुरावा आहे. जाणकार माणूस त्याआधीच धातू, वजन, जाडी आणि डोक्यावरचा मुकुट पाहून निम्म्या शक्यता बाद करतो. पहिल्या दुसऱ्या शतकातले मोठे, तळहाताला भार जाणवणारे, २५ ग्रॅमच्या आसपासचे पिवळसर नाणे असेल तर तो सेस्टर्शियस. ते आपल्या पितळेच्या जवळच्या मिश्रधातूचे असते. त्याहून लहान, तांबूस, १०-११ ग्रॅमचे असेल तर बहुधा अ‍ॅस. त्याच आकाराच्या नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असेल तर तो दुपाँडियस, दुप्पट किमतीचा. त्या काळच्या बाजारातल्या अक्षरशत्रू माणसालाही हातात काय पडले ते कळावे म्हणून केलेल्या या सोयी आहेत, आणि म्हणूनच आज लेख न वाचता येणाऱ्या नवशिक्यालाही त्या कामी येतात. सुरुवातीच्या सम्राटांच्या नाण्यांवर पदव्यांची मोठी रांग असते, आणि त्यातली ‘ट्रिब्युनचा अधिकार’ ही पदवी दरवर्षी नव्याने मिळत असल्यामुळे तिच्यापुढे आकडा असेल तर नाणे थेट एका वर्षावर येऊन थांबते.

चांदीची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण रोमन साम्राज्याचा इतिहास हाताला कळतो तो चांदीतच. दिनारियस हे नाणे ख्रिस्तपूर्व २११ च्या सुमारास सुरू झाले. आपल्या संस्कृत साहित्यात आणि गुप्तकाळच्या शिलालेखांत येणारा ‘दीनार’ हा शब्द त्याचेच भारतीय रूप. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात २५ दिनारियसांना एक सोन्याचा ऑरियस असा दर होता, आणि चांदी जवळपास शुद्ध होती. नीरोने इसवी सन ६४ मध्ये त्याचे वजनही घटवले आणि चांदीत तांबेही वाढवले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या राजवटीत चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवे नाणे काढले, ज्याचे मोल दोन दिनारियस होते असे मानले जाते. पण वजन जेमतेम दीडपट होते. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर, गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत, त्या नाण्यातली चांदी शेकडा पाचाच्याही खाली गेली आणि वरून नुसता चांदीचा पातळ मुलामा उरला. माझ्याकडे दुसऱ्या शतकातला एक दिनारियस आहे आणि गॅलिएनसचे एक नाणे आहे. दोन्ही शेजारी ठेवली की एक दुधाळ पांढरे दिसते आणि दुसरे मातकट तपकिरी, आणि मधल्या शंभर वर्षांतल्या लढाया, साथी आणि सैनिकांचे थकलेले पगार यांबद्दल वेगळे काही वाचावे लागत नाही. पुढे कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडात ७२ बसतील असा सोन्याचा सॉलिडस काढला, तो मात्र जवळजवळ सात शतके टिकला.

एक चूक सांगते, कारण ती मी अगदी मनापासून केली होती. आमच्या घरी देवाची तांब्यापितळेची भांडी दर आठवड्याला चिंचेने घासली जात. भांडे हिरवे पडलेले दिसले की ते स्वच्छ करायचे, नाहीतर त्यातले ताक कळकते, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. दुसऱ्यांदा बाजारातून आणलेल्या एका तांब्याच्या नाण्यावर गडद हिरवा थर होता. मी ते रात्रभर लिंबाच्या रसात ठेवले आणि सकाळी मऊ ब्रशने घासले. नाणे लख्ख निघाले, गुलाबी निघाले आणि त्यावरचा चेहरा नाहीसा झाला. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थरच क्षारांत बदललेला असतो आणि चित्राचे बारकावे त्या थरातच उरलेले असतात. तो थर म्हणजे नाण्यावर साचलेली घाण नसून नाण्याचीच कातडी असते. फोनवर आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं, भांडी घासतात ती रोज वापरायची म्हणून. हे तू कुठं वापरणार होतीस?" तेव्हापासून मी मातीच चिकटलेली असेल तर शुद्ध पाण्यात भिजवते, दर दोनचार दिवसांनी पाणी बदलते आणि बाभळीच्या काट्यासारख्या टोकदार लाकडी काडीने भिंगाखाली माती सोडवते. त्यापलीकडे हात लावत नाही. ते गुलाबी नाणे मी टाकून दिलेले नाही. त्याची बाजारात किंमत शून्य आहे. ते मी काम करते त्या टेबलावरच ठेवले आहे.

दुसरा धडा महाग पडला. टायबेरियसचा एक दिनारियस मी १४० युरोंना घेतला, आणि तो खोटा निघाला. विकणाऱ्याचे नाव मी इथे घेणार नाही. त्याला स्वतःला तरी ते ठाऊक होते की नाही, हेही मला सांगता येणार नाही. घरी येऊन वजन केले तेव्हा काटा ३ ग्रॅमच्याही खाली थांबला. या सम्राटाचा चांगला दिनारियस साडेतीन ग्रॅमच्या वर, पावणेचारच्या आसपास भरतो, आणि झीज म्हणावी तर चेहरा ठसठशीत होता. झीज वजनावर दिसावी आणि चेहऱ्यावर दिसू नये, असे होत नाही. मग भिंगाखाली पाहिले. पार्श्वभूमीवर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे होते, वितळलेला धातू साच्यात ओतताना अडकलेल्या हवेचे. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ होत्या आणि काठावर सर्वत्र फिरणारी पुसट रेघ होती, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिची. खरे नाणे ठोकून पाडलेले असते. ठशाखाली दबलेला धातू कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेषा अक्षरांभोवती दिसतात. एकदा त्या रेषा ओळखू आल्या की पुष्कळशी ओतीव खोटी नाणी दुरूनच कळू लागतात.

आपल्याकडे नाणे वाजवून घ्यायची रीत, आणि भाषेतही ती खोलवर रुजलेली. पण प्राचीन चांदीच्या बाबतीत तो मोह टाळावा. इतक्या वर्षांत चांदी अनेकदा आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असते आणि खरेखुरे नाणे फरशीवर पडून दुभंगू शकते. त्याऐवजी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा, तो मिळतोही स्वस्तात. वजनाचे महत्त्व सांगणारी एक जुनी हकीकत पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने नोंदवली आहे: एका रोमन माणसाचे जहाज वाऱ्याने भरकटून ताम्रपर्णीला, म्हणजे श्रीलंकेला लागले, आणि तिथल्या राजाने त्याच्याजवळचे दिनारियस पाहिले. त्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या लोकांचे होते, पण सगळ्यांचे वजन सारखे होते, आणि याच एका गोष्टीवरून राजाला रोमनांच्या सचोटीची खात्री पटली. खोट्या नाण्यांचा इतिहासही तितकाच जुना आहे. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून त्या काळातच पाडलेली नाणी सापडतात आणि संग्राहक ती आवडीने जपतात. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआच्या कॅव्हिनोने रोमन मोठ्या नाण्यांच्या धर्तीवर अप्रतिम ठसे घडवले; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या बेकरने तर शेकडो प्रकारांची नक्कल केली.

आता मोलाकडे वळते, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा नाणे हातात घेऊन हाच प्रश्न विचारतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे म्हणजे लाखोंचे असेल, नाही? तसे नसते. ट्रीअरच्या संग्रहालयात १९९३ मध्ये वाहनतळासाठी खोदताना मिळालेला सोन्याचा साठा ठेवला आहे. अडीच हजारांहून अधिक ऑरियस, सुमारे १८.५ किलो. काचेपलीकडचा तो पिवळा ढीग पाहिल्यावर कळते की रोमन जगाने किती नाणी पाडली आणि त्यातली किती जमिनीत जपून राहिली. वय सगळ्यांचेच सारखे. म्हणून वयाला भाव नसतो. चौथ्या शतकातली तांब्याची सामान्य नाणी आजही एका साध्या जेवणाच्या पैशांत मिळतात.

भाव ठरतो तो किती जणांना ते हवे आहे यावर, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तोच टायबेरियसचा दिनारियस. काट्यावर खुर्चीत बसलेली स्त्री, हातात फांदी आणि राजदंड, आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हा लेख. गॉलमधल्या लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिआँच्या टांकसाळीत हे नाणे वर्षानुवर्षे जवळजवळ न बदलता पाडले गेले. ते दुर्मीळ मुळीच नाही. पण बायबलमध्ये येशूला कराबद्दल प्रश्न विचारतात आणि तो नाणे मागवून त्यावर कोणाचा चेहरा आहे असे विचारतो, ते नाणे हेच असावे अशी समजूत आहे, आणि त्यामुळे नाणी न जमवणाऱ्या लाखो लोकांनाही ते हवे असते. त्याच शतकातला ओथो फक्त तीन महिने सम्राट होता, रोमच्या टांकसाळीने त्याच्या नावे तांब्यापितळेचे एकही नाणे काढले नाही, आणि ‘बारा सीझर’, म्हणजे ज्युलियस सीझरपासूनचे पहिले बारा सत्ताधीश, यांचा संच पुरा करू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा दिनारियस लागतोच; म्हणून तो महाग. उलट चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांत टांकसाळीच्या खुणेतला एखादा ठिपका जगात दहाच ठिकाणी नोंदलेला असतो आणि तरी ते नाणे वीस युरोंना पडून राहते, कारण तो ठिपका हवा असणारी माणसेही दहाच असतात. नवशिक्याला यात मोठी संधी आहे, असे माझे मत आहे. पैसे नसतील तर वाचन वाढवावे.

एकाच प्रकारच्या दोन नाण्यांतला फरक मात्र डोळ्यांनीच कळतो. जर्मनीत नाण्याच्या स्थितीची जी श्रेणी आहे तिच्यात ‘सेर श्योन’, म्हणजे शब्दशः ‘फार सुंदर’, ही मधलीच पायरी असते, आणि पहिल्यांदा सूची वाचणारा या शब्दाला भुलतो. झीज किती आहे एवढेच ती श्रेणी सांगते. ठसा मध्यभागी आहे का, चेहऱ्याचे नाक चकतीबाहेर गेले आहे का, कोरणारा कारागीर निष्णात होता की उमेदवार, हिरवा थर सलग व गुळगुळीत आहे की खरबरीत, आणि झिजलेले केस कोणी अलीकडे सुईने पुन्हा कोरले आहेत का, हे सगळे भाव दुप्पट-चौपट करते किंवा बसवते, आणि ते श्रेणीत लिहिलेले नसते. मी आता किंमत ठरवताना आधी ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या १९२३ पासून खंडशः निघत आलेल्या सूचीतला प्रकार शोधते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ती संगणकावर विनामूल्य खुली केल्यापासून घरबसल्या ते जमते. मग त्याच प्रकारची, तशाच स्थितीतली नाणी गेल्या काही लिलावांत प्रत्यक्ष किती पैशांना गेली ते पाहते. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि कोणीतरी खरोखर मोजलेली किंमत यांतला फरक पुष्कळदा फार मोठा असतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट किमतीत धरायला हवी, आणि ती मला सर्वांत उशिरा कळली: नाणे कुठून आले. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मधोमध मुक्त केलेल्या गुलामाची टोपी असे नाणे काढले, त्याच्या सोन्यातल्या मोजक्या ज्ञात नाण्यांपैकी एक २०२० मध्ये लंडनमधल्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक रकमेला गेले. त्याच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे बनावट निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. हे झाले कोट्यवधींचे. पण सहा युरोंच्या ट्रेमधली चाळीस नाणी कुठल्या शेतातून, कोणाच्या धातुशोधक यंत्राने वर आली, हे तरी मी कुठे विचारले होते? नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा मिळाला आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. सातवाहनांनी क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पराभव केला याचा हा फार ठाम पुरावा आहे, आणि तो पुरावा एकेका नाण्यात नसून सगळी एकत्र मिळण्यात आहे. तीच नाणी सुटीसुटी तेरा हजार खिशांत गेली असती, तर प्रत्येक नाणे खरे असूनही त्यांनी काहीच सांगितले नसते. तेव्हापासून जुन्या संग्रहातले, जुने तिकीट, म्हणजे आधीच्या संग्राहकाने लिहिलेली चिठ्ठी, सोबत असलेले नाणे मला दीडपट किमतीला परवडते, आणि तिकीट नसलेले निम्म्यातही नको वाटते.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्य मूर्ती आहे, वीतभरही नसलेली, एक हात उंचावलेली. शाळेच्या सहलीत ती पाहिली तेव्हा समुद्राचा हा परका देव पंचगंगेच्या काठी कसा आला, हे कोणी सांगितल्याचे आठवत नाही. आता माहीत आहे. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांतून पैठण आणि तेरपर्यंत जाणारा व्यापार होता, आणि मिरी, मलमल, रत्ने यांच्यापोटी भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने लिहून ठेवली आहे. ऑगस्टस आणि टायबेरियसचे दिनारियस दक्षिण भारतात हंड्याहंड्यांनी सापडले आहेत. नीरोनंतरचे त्या मानाने फारच थोडे, कारण चांदी कुठे घटली हे इकडच्या सराफांनाही कळत होते. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ ऑरियस मिळाले, त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा छेद आहे. भारतात असे काही जमिनीत सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरत असल्यामुळे खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. गावी गेले की ओळखीचे लोक जुनी नाणी दाखवतात आणि तिकडे घेऊन जा, चांगली किंमत येईल, असे सुचवतात. मी त्यांना वजन करून देते, लेख वाचून देते आणि नाणी त्यांच्याच हातात परत ठेवते.

माझ्या संग्रहात आज ३१ नाणी आहेत. प्रत्येकाच्या पाकिटात एक चौकोनी कागद आहे, त्यावर वजन, व्यास, छापा सरळ धरला असता काटा कोणत्या दिशेला येतो ती दिशा, कोठे घेतले, कधी, किती पैशांना, असे सगळे लिहिलेले आहे. पहिल्या नाण्याच्या कागदावर ‘कारखाना’ या शब्दापुढची जागा कोरी आहे. अलीकडे मला एक मार्ग सापडला आहे. एकाच ठशातून हजारो नाणी पाडली जात, त्यामुळे माझ्याच काट्याच्या ठशातून पाडलेले दुसरे नाणे कोठे सापडले आणि त्याची चकती नीट मध्यभागी बसलेली असली, तर माझ्या नाण्यावर न उमटलेले अक्षर त्यावर वाचता येईल. ओळख पटवायला खुणा आहेत: डावीकडच्या सैनिकाच्या भाल्याचे टोक ‘जी’ अक्षराला किंचित चिकटले आहे, आणि उजवीकडच्या ढालीपासून एक बारीक तडा कडेपर्यंत गेला आहे, तो ठशालाच गेलेला असावा. म्हणून रात्री जेवण झाल्यावर संग्रहालयांच्या आणि लिलावांच्या छायाचित्रांतली ट्रीअरची दोन ध्वजांची नाणी मी एकेक करून पाहते, आधी भाला, मग ढाल. काल रात्रीपर्यंत ४१८ झाली.